नॅनो: खरं किती, डब्यावरचं किती? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न दादर, पार्ले, मुलुंड अशा ठिकाणच्या विज्ञान-व्याख्यानांनंतर श्रोत्यांकडून आलेले आहेत. काही चहा पिताना विचारलेले, काही चिठ्ठीवर, आणि बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या जाहिरातीचा फोटो जोडून. जाहिरातवाले प्रश्न जास्त येतात, म्हणून उत्तरांतही त्यांना जरा जास्त जागा मिळाली आहे.

नॅनो म्हणजे नेमकं किती लहान?

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. तांबडी रक्तपेशी सुमारे ७ हजार, करोनाचा विषाणू १०० च्या आसपास आणि डीएनएच्या गोफाची रुंदी २. हाताचं नख दर सेकंदाला जेमतेम एक नॅनोमीटर वाढतं. साधारण १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या रचना मुद्दाम घडवायच्या आणि त्या मापामुळे येणारे गुण कामाला लावायचे, याला नॅनोतंत्रज्ञान म्हणतात. १०० ही सीमा सोयीसाठी आखलेली आहे. १०१ वर गुण एकदम नाहीसे होतात असं नाही.

यातून एक गोष्ट आधीच स्पष्ट होते. नॅनो हे एखाद्या पदार्थाचं नाव नाही, ते माप आहे. म्हणून कोणी ‘यात नॅनो आहे’ म्हणालं की लगेच विचारावं, ‘कशाचं नॅनो? आणि ते तिथे करतं काय?’ या दोन प्रश्नांवर अर्धे विक्रेते गप्प होतात.

सोन्याचा तुकडा लहान केला तरी सोनं ते सोनंच. मग गुण बदलतात कसे?

सोनंच राहतं, पण वागणं बदलतं. त्याची दोन मुख्य कारणं आहेत.

पहिलं कारण पृष्ठभाग. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर होतात. तोच घन एक नॅनोमीटर बाजूच्या घनांमध्ये कापला, तर पदार्थ तेवढाच राहून पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो. मुंबईच्या हिशेबात सांगायचं तर ६०० चौरस फुटांचे शंभराहून जास्त फ्लॅट चिमटीत मावले. रासायनिक क्रिया बहुतेक वेळा पृष्ठभागावरच घडते, त्यामुळे महागडा धातू थोडक्यात भागतो. गाडीच्या धुराड्यातल्या, विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम आणि पॅलॅडियम अशाच बारीक कणांच्या रूपात बसवलेले असतात. त्यांना कोणी ‘नॅनो’ म्हणून विकत नाही, पण रोज लाखो गाड्यांमध्ये ते बिनबोभाट काम करतात.

दुसरं कारण प्रकाश आणि इलेक्ट्रॉन. इतक्या लहान जागेत कोंडलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाला वेगळा प्रतिसाद देतात. सोन्याचे नॅनोकण पाण्यात तरंगत असले की पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये असा लाल द्रव करून त्याचा अभ्यास केला होता. अर्धवाहकांचे (सेमीकंडक्टरचे) काही नॅनोमीटरचे स्फटिक, म्हणजे क्वांटम डॉट, त्याहून मजेदार. पदार्थ तोच, पण कण लहान असेल तर निळा आणि मोठा असेल तर लाल प्रकाश देतो. याच शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना मिळालं. दुकानात क्यूएलईडी टीव्हीचे भडक रंग बघून थबकला असाल, तर त्यामागे हेच कण आहेत.

हे कोणी सुरू केलं?

एकच नाव देता येत नाही. रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ च्या व्याख्यानात अणू एकेक करून मांडण्याची कल्पना रंगवली. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरला. पण खरी वाट मोकळी केली ती १९८१ मध्ये बिनिग आणि रोहरर यांनी बनवलेल्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने, कारण त्यातून पृष्ठभागावरचे अणू दिसू लागले. १९८९ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत झेनॉनचे ३५ अणू ढकलून कंपनीचं नाव लिहिण्यापर्यंत मजल गेली. दिसत नाही ते घडवता येत नाही, म्हणून मला व्याख्यानापेक्षा यंत्राचं श्रेय मोठं वाटतं.

मग आपल्या आयुर्वेदातली भस्मं म्हणजे नॅनोच की! हे आपल्याला आधीच माहीत नव्हतं का?

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि विचारणाऱ्याला ‘हो’ हेच उत्तर हवं असतं. अर्धं ‘हो’ आहे. सुवर्णभस्माच्या तपासण्यांमध्ये नॅनो मापाचे सोन्याचे कण सापडलेले आहेत. वारंवार पुटं देऊन आणि खलून धातू बारीक करण्याचं कौशल्य खरंच होतं. रोमन काचकामातही सोन्या-चांदीचे असे कण आहेत, दमास्कसच्या तलवारींच्या पोलादात कार्बनच्या नॅनो मापाच्या नळ्या सापडल्या आहेत, आणि त्या तलवारी वुट्झ नावाच्या भारतीय पोलादापासून बनत होत्या.

उरलेलं अर्धं असं. कण सापडणं वेगळं आणि औषध गुणकारी व निर्धोक ठरणं वेगळं. धातू बारीक झाला की शरीरात शिरणं त्याला सोपं जातं. ही गोष्ट सोन्याला लागू आहे तशी पाऱ्यालाही आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. भस्म घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून आणि तपासणीचा दाखला असलेल्या उत्पादकाचंच घ्या. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्या बाबतीत तर ‘नॅनो आहे म्हणून चांगलं’ हा युक्तिवाद उलटा वाचावा.

औषधात याचा खरोखर उपयोग झालाय का, की सगळं ‘येत्या दहा वर्षांत’च?

झालाय, आणि मुंबईला त्यासाठी दूर बघावं लागत नाही.

मे २०२१ आठवा. करोनातून उठलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने गाठलं, म्हणजे म्युकरमायकोसिसने, आणि नातेवाईक एका इंजेक्शनच्या चिठ्ठ्या घेऊन औषधांची दुकानं पालथी घालत होते. त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं जुनं आणि जालीम औषध. त्याचा त्रास असा की ते मूत्रपिंडांनाही झोडपतं. तेच औषध मेदाच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांमध्ये, म्हणजे लायपोसोममध्ये बसवलं की मूत्रपिंडांची हानी बरीच कमी होते आणि जास्त डोस देता येतो. नुसतं ‘अँफोटेरिसिन’ मिळत असतानाही डॉक्टर ‘लायपोसोमलच आणा’ असा आग्रह का धरत होते, त्याचं कारण हे.

परदेशी लायपोसोमल औषध फार महाग होतं तेव्हा परळच्या केईएम रुग्णालयात आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर देशी लायपोसोमल अँफोटेरिसिनवर काम केलं, रुग्णांवर चाचण्या केल्या आणि ते बाजारापर्यंत पोहोचवलं. ज्या वॉर्डांत आपण रांगा लावतो तिथे हे घडलं, आणि त्याची गोष्ट आपल्या शाळांत कोणी सांगत नाही, याची मला खंत आहे.

एमआरएनए लसही याच घराण्यातली. नुसता एमआरएनए, म्हणजे पेशींना प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू, टोचला तर शरीरातली विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे पाडतात. फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींत तो साधारण १०० नॅनोमीटरच्या मेदकणांत गुंडाळलेला होता. आपल्यापैकी बहुतेकांनी कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. त्यांत हे मेदकण नव्हते, त्यामुळे ‘लशीतून नॅनो सोडलं’ या निरोपांना निदान आपल्याकडे तरी काही आधार नाही.

कर्करोगात औषध थेट गाठीवरच जाऊन बसतं, असं वाचलं. खरं आहे का?

दिशा खरी आहे, ‘थेट’ हा शब्द खोटा. लायपोसोममध्ये भरलेलं डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ मध्येच मान्य झालं. मूळ औषधाच्या तुलनेत ते हृदयाला कमी अपाय करतं. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकात द्यावं लागायचं आणि त्या द्रावकाचीच अ‍ॅलर्जी यायची. २००५ मध्ये ते अल्ब्युमिन प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत मान्य झालं आणि द्रावकाची गरज संपली. केमोथेरपी घेणाऱ्या घरात ‘नॅब’ हा शब्द ऐकला असेल तर तो हाच.

आता दुसरी बाजू. २०१६ मध्ये दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण अवघं ०.७ टक्के निघालं. बाकीच्यांतले बरेचसे कण यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. म्हणजे आज मिळणारा फायदा मुख्यतः दुष्परिणाम कमी होण्याचा आहे. ‘नॅनो उपचार, ऑपरेशनची गरज नाही’ असं कोणी म्हणालं तर टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

सोसायटीच्या गच्चीला ‘नॅनो वॉटरप्रूफिंग’ करायचं कोटेशन आलंय. करावं का?

एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्यात यावरून भांडणंही झालेली पाहिली आहेत.

या नावाखाली बहुधा सायलेन किंवा सायलॉक्सेन वर्गातली रसायनं विकली जातात. त्यांचे रेणू फार लहान असतात. ते काँक्रीट, प्लास्टर, विटा यांच्या बारीक छिद्रांत काही मिलिमीटर आत शिरतात, तिथल्या सिलिकाशी बंध जोडतात आणि छिद्रांच्या भिंती पाण्याला नकोशा करून टाकतात. छिद्र उघडंच राहतं, त्यामुळे भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते, पण वरून आलेला थेंब आत शोषला जात नाही. रसायन खरं आहे आणि आपल्या जागी उत्तम काम करतं. अळवावरचं पाणी घरंगळतं त्यामागेही असाच प्रकार आहे, पानावरच्या मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांचा. कमळ आणि अळू यांसारख्या पानांचा हा गुण बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडला.

आता मर्यादा. हे रसायन भेग भरत नाही. दोन थेंबांना आत येऊ न देणं आणि तुंबलेल्या पाण्याचा दाब थोपवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मुंबईची गच्ची गळते ती बहुधा स्लॅबची भेग, कठड्याचा फाटलेला सांधा, उताराचा घोळ, पावसाच्या पाइपाचं तुंबलेलं तोंड किंवा कुणीतरी सोलर नाहीतर डिश बसवताना मारलेलं ड्रिल यामुळे. तिथे नुसता फवारा मारला तर पहिला पाऊस सरायच्या आत वरच्या मजल्यावरचे लोक बादल्या मांडतील.

म्हणून माझं मत असं. बाहेरच्या भिंतीवर, विटांच्या दर्शनी कामावर, प्लास्टर शाबूत असेल तिथे जरूर करा. गच्चीवर आधी भेगा भरणं, ग्राउटिंग, उतार, गरज असेल तर ब्रिकबॅट कोबा किंवा मेम्ब्रेन, आणि हे झाल्यावर हवं तर वरून हे रसायन. कंत्राटदाराकडून रसायनाचं नाव आणि तांत्रिक पत्रक मागा. नुसतं ‘जर्मन नॅनो’ हे नाव होत नाही. काम झाल्यावर पाणी भरून निदान २४ तास चाचणी घ्या आणि मगच शेवटचा हप्ता द्या. दहा वर्षांच्या गॅरंटीपेक्षा हा राखून ठेवलेला हप्ता जास्त कामाचा असतो.

नॅनो सिल्व्हरचा वॉटर प्युरिफायर घ्यावा का?

चांदीचे कण जिवाणू मारतात, यात शंका नाही. २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते आणि त्याला वीज लागत नव्हती. चेन्नईच्या आयआयटीत टी. प्रदीप यांच्या गटाने असेच कण पाण्यातली कीटकनाशकं काढायला वापरून दाखवले. क्षार मात्र चांदीने कमी होत नाहीत. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, मुळात कमी क्षारांचं असतं. त्यामुळे नळाच्या पाण्याला आरओ बहुतेक घरांत लागत नाही, उगाच पाणी वाया जातं. बिघडतं ते जुन्या पाइपात आणि सोसायटीच्या टाकीत. टाकी वेळेवर धुऊन घ्या. टँकर किंवा बोअरचं पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी.

सनस्क्रीनमधले नॅनोकण कातडीतून आत जातात का?

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे कण निरोगी त्वचेच्या वरच्या मृत थरातच राहतात, असं आजवरचे बहुतेक अभ्यास सांगतात. कण बारीक केल्यामुळे ते दिसणारा प्रकाश विखुरत नाहीत, म्हणून क्रिकेटपटूंच्या नाकावर असायचा तसा पांढरा थर दिसत नाही. मात्र क्रीमच घ्या, स्प्रे नको. फुप्फुसात जाणं ही वेगळीच गोष्ट आहे.

चांदीचे मोजे, वास न येणारे टी-शर्ट?

लोकलच्या गर्दीत कल्पना आकर्षक वाटते. पण २००८ मध्ये अमेरिकेत अशा मोज्यांची तपासणी झाली, तेव्हा काही जोड्यांतली चांदी थोड्याच धुण्यांत पाण्याबरोबर निघून गेली. पैसे गटारात, आणि चांदी खाडीत.

गावाकडे शेतात नॅनो युरिया वापरायला सांगतात. भाऊ विचारतो, पोतं बंद करू का?

इफको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये ५०० मिलिलिटरची बाटली आणली आणि ती ४५ किलोच्या एका पोत्याची जागा घेते असं सांगितलं. साधा गुणाकार करा. बाटलीत ४ टक्के नायट्रोजन, म्हणजे २० ग्रॅम. पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलोहून जास्त. पानांवर फवारल्याने नासाडी कमी होते हा मुद्दा रास्त आहे, कारण जमिनीत टाकलेल्या युरियाचा मोठा हिस्सा खरोखरच वाया जातो. पण एक थेंबही वाया गेला नाही तरी २० ग्रॅमचे २० किलो होत नाहीत. पुढे जास्त नायट्रोजनची बाटली आली, तरी हिशेब ग्रॅममध्येच राहतो. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या प्रयोगांत भात आणि गहू दोन्हींचं उत्पन्न घटल्याचं दिसलं. भावाला सांगा, आधी एका वाफ्यात करून बघ. पोतं एकदम बंद करू नकोस.

फोनची चिप ‘३ नॅनोमीटर’ची म्हणजे त्यातला ट्रान्झिस्टर तेवढा असतो?

नाही. ते आता पिढीचं नाव झालंय. त्या चिपमधल्या शेजारच्या दोन गेटांमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) अंतर ४०-५० नॅनोमीटरच्या घरात असतं. तरीही माणसाने सगळ्यात जास्त संख्येने बनवलेली नॅनोवस्तू कोणती, असं विचारलं तर उत्तर ट्रान्झिस्टरच.

‘नॅनो एनर्जी’चं लॉकेट, फोनच्या मागे चिकटवायचं कार्ड?

फेकून द्या. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने ‘५जी-रोधक’ म्हणून विकली जाणारी काही लॉकेटं तपासली, तर ती चक्क किरणोत्सारी निघाली.

धोका काय? तेही स्पष्ट सांगा.

बांधीव नॅनो आणि सुटं नॅनो यांत फरक करा. चिपमध्ये, टीव्हीच्या पडद्यात, काचेवरच्या थरात पक्के बसलेले कण वापरणाऱ्याला फारसे त्रास देत नाहीत. कोरडी भुकटी हवेत उडते तेव्हा काळजी सुरू होते. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात लांब, ताठ कार्बन नळ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह निर्माण केला होता. म्हणजे धोका आधी कारखान्यात पोती रिकामी करणाऱ्या कामगाराला, मग आपल्याला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशी भुकटी हाताळणाऱ्याला कापडी रुमाल पुरत नाही, योग्य मास्क आणि हवा ओढून घेणारी यंत्रणा लागते. खाण्याच्या बाबतीत, युरोपीय संघाने २०२२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग खाद्यपदार्थांतून काढला, कारण तो जनुकांना इजा करणार नाही याची खात्री देता येईना.

आणि एक गोष्ट सोयीने विसरली जाते. डिझेलच्या धुरात आणि फटाक्यांत १०० नॅनोमीटरहून लहान कण ढिगाने असतात. सायनच्या सिग्नलला उभं राहून आपण जे ओढतो, त्यापुढे सनस्क्रीनची चिंता मला जरा चैनीची वाटते.

मुंबईत सध्या यावर काय चालू आहे?

कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये विवेक पोळशेट्टीवार यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘काळं सोनं’ केलं. सिलिकाच्या तंतुमय कणांवर सोन्याचे नॅनोकण कमी-जास्त अंतरावर बसवले, की दृश्य प्रकाश जवळपास सगळाच शोषला जातो आणि सोनं काळं दिसतं. शोषलेल्या प्रकाशाच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून पिण्याजोगं पाणी मिळवता येतं, कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनही करता येतो. हे प्रयोगशाळेतलं यश आहे, उद्या वर्सोव्याला प्लांट लागणार नाही. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या नॅनोस्निफ कंपनीने २०२१ मध्ये स्फोटकांचा माग दहा सेकंदांच्या आत काढणारं देशी यंत्र आणलं. मॉलच्या दारात बॅगेवरून नुसती काठी फिरवणारा पहारेकरी पाहिला की त्याची आठवण होते. आणि माटुंग्याला, १९२४ पासून कापसावर काम करणाऱ्या सिरकॉट संस्थेत कापसाच्या आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प आहे. विदर्भाच्या शेतकऱ्याला यातून किती मिळेल हे भावावर ठरेल, पण मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती या कामाबद्दल.

मुलगी बारावीला आहे. ‘बी.टेक. नॅनोटेक्नॉलॉजी’ घ्यावं का?

पदवीला शक्यतो नको. रसायन, भौतिक, इलेक्ट्रॉनिक्स, धातुशास्त्र किंवा औषधनिर्माण, यांपैकी एक विषय पक्का करू दे आणि नॅनो पदव्युत्तरला घेऊ दे. नोकरी देणारा ‘तुला कोणती यंत्रं चालवता येतात?’ हे विचारतो. एक्सरे डिफ्रॅक्शन आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यांवर हात बसलेला असेल तर औषध कंपनीपासून रंगांच्या कारखान्यापर्यंत काम मिळतं. कॉलेजात ही यंत्रं नसतात, ही अडचण खरी आहे. पण पवईच्या आयआयटीतली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची सुविधा बाहेरच्या संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना वापरता यावी म्हणून केंद्र सरकारने आयएनयूपी नावाची योजना चालवली आहे. त्यात प्रशिक्षणाच्या कार्यशाळाही होतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी तिच्या प्राध्यापकांनी अर्ज करायला हवा. बऱ्याच जणांना अशी योजना आहे हेच ठाऊक नसतं, तेव्हा ते तिने स्वतःच त्यांच्या कानावर घालावं.